डॅशबोर्डवरचा आठवा दिवा

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर दोन प्रकारचे दिवे असतात, असे मी तेव्हा समजत होतो. पहिला प्रकार उजेड पाडणाऱ्या दिव्यांचा. वेगाचा, डिझेलचा, पाण्याच्या तापमानाचा काटा अंधारात दिसावा म्हणून तबकड्यांच्या मागे बसवलेले हे छोटे बल्ब. दुसरा प्रकार खबर देणाऱ्या दिव्यांचा. ऑइलचा दाब उतरला, हेडलाइट अप्परवर आहे, बॅटरी चार्ज होत नाही, अशी प्रत्येकाची एक ठरलेली खबर. माझ्या जीपमध्ये पहिल्या प्रकारचे पाच आणि दुसऱ्या प्रकारचे तीन, असे आठ बल्ब होते. हे वर्गीकरण नीटनेटके होते. ते चुकीचे आहे हे मला कळले तेव्हा एका माणसाचे नाव माझ्यामुळे खराब होऊन चार महिने झाले होते.

मी शिरूरच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो. जीप आली केडगावहून. माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे दाजी, तिथे शेती करतात. त्यांनी नवी पिकअप घेतली आणि आपली जुनी डिझेल जीप मला दिली. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. शिरूर, न्हावरा, पारगाव आणि पुढे केडगाव हा रस्ता मी त्या जीपने महिन्यातून एकदा तरी करत असे. तिन्हीसांजेनंतर तिच्या डॅशबोर्डवर काहीही दिसत नसे. पिवळट, काजळलेल्या उजेडात काटा आहे एवढेच समजे, तो कुठे आहे हे समजत नसे. एका हिवाळ्यात पारगावच्या अलीकडे रेडिएटरचे पाणी उकळले, ते मला काट्याने नव्हे, वासाने कळले.

त्याच सुमारास पांढऱ्या उजेडाचे एलईडी पुण्यात सहज मिळू लागले होते. अर्धवाहकांचे प्रकरण मी वर्गात दरवर्षी शिकवत असे. पण ज्याला हात लावता येईल, ज्याचा उपयोग घरच्यांना दाखवता येईल, असे उदाहरण माझ्याजवळ नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बुधवार पेठेतून एलईडी आणि वीज आवरणारे रोध, म्हणजे रेझिस्टर, आणले आणि कामाला बसलो.

काम असे असते. जुना बल्ब फडक्यात गुंडाळून त्याची काच हलकेच फोडायची. पितळी टोपीतला सिमेंटसारखा मसाला खरवडून काढायचा. एलईडीच्या लांब पायाला रोध जोडायचा, तो टोपीच्या मधल्या टोकाला झाळायचा, आखूड पाय टोपीच्या कडेला झाळायचा. साध्या बल्बला उलटसुलट चालते. एलईडीला चालत नाही, वीज त्याच्यातून एकाच दिशेने जाते. म्हणून प्रत्येक दिवा बसवण्यापूर्वी बॅटरीवर लावून पाहायचा. मी सगळे याच क्रमाने केले. एकच उलटा झाळला गेला, तो सुधारला. दोन दिवसांत सात दिवे झाले.

आठवा दिवा लाल होता. बॅटरीच्या चित्राचा, चार्जिंगचा. चावी फिरवली की तो लागायचा आणि इंजिन सुरू झाले की विझायचा. तो बदलण्याची काही गरज नव्हती, कारण त्याच्या उजेडात काही पाहायचे नव्हते. परंतु सात नवे आणि एक जुना हे माझ्या मनाला पटेना. मी लाल एलईडी लावला.

संध्याकाळी घरच्यांना जीपमध्ये बसवून दिवे लावले. तबकड्या दुधासारख्या पांढऱ्या उजळल्या. पत्नी म्हणाली, "विमानात बसल्यासारखं वाटतंय." आम्ही कोणीच विमानात बसलेलो नव्हतो, तरी मला ते पटले. इंजिन सुरू केल्यावर लाल दिवा मात्र पूर्ण विझला नाही. मंद, डाळिंबाच्या दाण्याएवढा तांबूस राहिला. याचेही स्पष्टीकरण माझ्याजवळ तयार होते. एलईडी अत्यंत कमी विजेवरही लागतो. कुठेतरी थोडी गळती असेल, जुन्या बल्बला ती जाणवत नव्हती, याला जाणवते. मी त्या दिव्याचा रोध बदलून दुप्पट मोठा घातला. तांबूस ठिपका आणखी फिका झाला, उजेडी तो दिसेनासा झाला आणि मी समाधानाने हात धुतले.

खबर देणाऱ्या दिव्याने खबर दिली होती. मी त्याचा आवाज कमी केला होता.

आता चाचांविषयी सांगतो. शिरूरबाहेर न्हावऱ्याच्या रस्त्याला त्यांचे गाड्यांच्या विजेच्या कामाचे दुकान होते. पत्र्याच्या पाटीवर 'सेल्फ, डायनामो, वायरिंग' एवढेच लिहिलेले. त्यांचे घराणे शिरूरमध्ये कैक पिढ्यांचे. वडील टांग्यांचे दिवे आणि सायकलींचे डायनामो दुरुस्त करत, असे ते सांगत. सगळा गाव त्यांना चाचा म्हणे, त्यांच्याहून वयाने मोठी माणसेही. हल्लीच्या गाड्यांत बॅटरी भरायला डायनामो नसतो, आल्टरनेटर असतो, हे मी त्यांना दोन-तीनदा सांगितले होते. ते मान हलवत आणि पुन्हा डायनामोच म्हणत. काम करता करता काय करत आहोत ते सांगायची त्यांना सवय होती. समोर ड्रायव्हर असो की मास्तर, ते स्क्रू-ड्रायव्हरचे टोक एकेका ठिकाणी टेकवत बोलत राहत. मला ती सवय आवडे. त्यांच्या शब्दांत चुका काढायलाही आवडे.

एप्रिलमध्ये त्यांनी माझ्या आल्टरनेटरचे कार्बन, म्हणजे आत वीज पोहोचवणारे ब्रश, बदलले होते. मेमध्ये मी दिवे बदलले. जूनमध्ये, शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात, जीप सकाळी सुरू होईना. बॅटरी उतरली होती. चार माणसांनी ढकलून ती चालू केली आणि मी थेट चाचांकडे गेलो. माझा तर्क सरळ होता. दोन महिन्यांपूर्वी आल्टरनेटरला हात लागला आहे, आता आल्टरनेटर काम करत नाही, तेव्हा दोष त्या हाताचा. मधल्या महिन्यात माझाही हात गाडीला लागला होता, हे मी विसरलो होतो असे म्हणता येणार नाही. मी ते मोजलेच नव्हते.

चाचांनी आल्टरनेटर उतरवून ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ते शेजारच्या चहाच्या टपरीवर बसले होते. बाकावर आमच्या शाळेच्या बसचे एक ड्रायव्हर होते, आणखी तीन-चार माणसे होती.

"बेंचवर लावून बगितला सर," चाचा म्हणाले. "डायनामो चांगला मारतोय. चौदा व्होल्ट दावतोय."

"मग गाडीत का नाही?"

"त्येच इचारतो. गाडीत काय केलं का? मीटरकडं कुणाचा हात लागला का?"

"मीटरचे बल्ब बदलले. मी स्वतः बदलले. एलईडी बसवले."

"लाल बी बदलला?"

"आठही बदलले."

चाचा हसले. समाधानाचे हसू होते ते, हरवलेली वस्तू सापडल्यासारखे. "मंग झालं की. त्यो लाल बलब व्हता तसा लावा. त्यो नुसता दावायला नसतोय सर. त्यो डायनामोला उठवतो. चावी फिरवली की त्येच्यातनं थोडा करंट डायनामोला जातो, डायनामो जागा हुतो. एकदा जागा झाला की मंग सोताच चालतो."

यावर मी काय करायला हवे होते? त्यांच्याकडचा एक साधा बल्ब घेऊन आठव्या खोबणीत बसवायचा आणि इंजिन सुरू करायचे. पाच मिनिटांचा प्रयोग. प्रयोग करून पाहिल्याशिवाय बोलू नये, हे मी वर्गात इतक्या वर्षांत किती वेळा सांगितले असेल याची गणती नाही.

मी म्हणालो, "चाचा, बल्ब कुणाला उठवत नाही. बल्ब वीज खातो, देत नाही. आणि वीज जाण्याचाच प्रश्न असेल तर ती एलईडीतूनही जातेच. विजेचे मंडल पूर्ण होते. म्हणजे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तुमचा डायनामो उठायला हवा. का उठत नाही?"

चाचा म्हणाले, "त्ये मला सांगता यायचं न्हाई. पर उठत न्हाई."

"हे सातवीच्या पुस्तकात आहे. हवे तर पुस्तक पाठवून देतो."

बाकावरची माणसे हसली. ड्रायव्हर म्हणाले, "चाचा, ॲडमिशन घ्या आता. सर फी माफ करतील."

"दप्तर लागंल," दुसरे कोणी म्हणाले.

चाचाही हसले, पण जरा उशिरा. मी आल्टरनेटर घेऊन दुसरीकडे बसवून घेतला. बॅटरी बदलली. घरी चार्जर आणला आणि दर शनिवारी बॅटरी चार्ज करू लागलो. कधी कधी, विशेषतः पारगावच्या बाजूला लांब पल्ल्यावर इंजिन जोरात पळवले की, आल्टरनेटर आपोआप चालू होई आणि बॅटरी भरलेली सापडे. यावरून मी ठरवले की आतले कार्बन नीट टेकत नाहीत, म्हणजे काम कच्चे झाले आहे. चुकीच्या तर्कालाही पुरावे मिळत जातात. पुरावा शोधणारा मीच होतो.

टपरीवरचे ते बोलणे तिथेच संपले असते तर ही हकिगत लिहिण्याची वेळ आली नसती. पण 'बलब उठवतो' हे शब्द लोकांना आवडले. न्हावऱ्याच्या रस्त्याला येणारा जाणारा ड्रायव्हर चाचांना हाक मारून विचारू लागला. "चाचा, आमचा बलब निजलाय, उठवता का?" "हळू उठवा, दचकंल." सुरुवातीला चाचा परतफेड करत. "तुला सकाळी बायकू कशी उठवती, तसाच उठवायचा," असे त्यांनी एकाला सांगितलेले मी ऐकले आणि मलाही हसू आले. पुढे ते नुसते हातातल्या कामाकडे पाहत राहू लागले. मी जाता येता हे पाहत होतो.

जुलैमध्ये आमच्या संस्थेच्या वाहन समितीची बैठक झाली. शाळेच्या चार बसगाड्यांचे विजेचे काम वर्षभरासाठी एका ठिकाणी द्यायचे होते. ते आजवर चाचांकडेच सुटे सुटे जात होते आणि आता ठरावाने त्यांनाच मिळेल असे सगळे धरून चालले होते. विज्ञान शिकवणारा म्हणून मला मत विचारले गेले. मी म्हणालो, "माणूस सज्जन आहे, परंतु विजेची प्राथमिक तत्त्वे त्यांना ठाऊक नाहीत. मुलांच्या गाड्या आहेत, म्हणून सांगणे माझे कर्तव्य समजतो." शेवटचे वाक्य मी विशेष शांतपणे उच्चारले. काम दुसऱ्या गॅरेजला गेले. चाचांनी मला त्याबद्दल कधी विचारले नाही. त्यांना कळले होते, कारण त्या ऑगस्टपासून त्यांच्या दारात शाळेची एकही पिवळी बस उभी राहिली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी केडगावला गेलो. बहिणीला सोलापूरकडच्या रेल्वेगाडीने तिच्या नणंदेकडे जायचे होते आणि ती गाडी केडगावला थांबत नव्हती, म्हणून मी तिला जीपने दौंडला सोडायला निघालो. दुपारची वेळ. स्टेशनबाहेर पोहोचून जीप बंद केली, मग ती सावलीत लावावी म्हणून पुन्हा चावी फिरवली. इंजिनाने एक कण्हल्यासारखा आवाज केला आणि गप्प झाले. बहिणीच्या गाडीला अजून पाऊण तास होता. रस्त्यापलीकडे गाड्यांच्या विजेचे काम करणारा एक उत्तरेकडचा कारागीर होता. तो दुसरी बॅटरी घेऊन आला, तिच्यावर इंजिन चालू केले आणि मला हेडलाइट लावायला सांगितले. भर दुपारीही ते पिवळे आणि मरगळलेले दिसत होते.

त्याने टेस्ट लॅम्प काढला. टेस्ट लॅम्प म्हणजे दोन वायरींना जोडलेला एक साधा बल्ब, याहून जास्त काही नाही. एक वायर बॅटरीच्या धन टोकाला लावली आणि दुसरी आल्टरनेटरच्या बारीक वायरीच्या टोकाला क्षणभर टेकवली.

इंजिनाचा आवाज बदलला. चढ लागल्यावर होतो तसा तो जड झाला. हेडलाइट पांढरे झाले. डॅशबोर्डवरचा तो तांबूस ठिपका, ज्याला मी सहा महिने गळती म्हणत होतो, पूर्ण विझला.

"उठ गया," कारागीर म्हणाला. मग डॅशबोर्डकडे पाहून त्याने विचारले, "चार्जिंगवाला बल्ब किसने बदला? इसमें एलईडी नहीं चलता, साहब."

बहीण मागच्या सीटवरून म्हणाली, "काय झालं होतं रे?"

"काही नाही. एक वायर सैल होती," मी म्हणालो.

तिला गाडीत बसवले, गाडी गेली आणि मी फलाटावरच्या बाकावर बसून प्लॅटफॉर्म तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडले. आल्टरनेटरमधले चुंबक कायमचे नसते. आतल्या वेटोळ्यातून वीज गेली की ते चुंबक बनते आणि मगच आल्टरनेटर वीज निर्माण करतो. ही पहिली वीज बॅटरीतून येते आणि येण्याची वाट चार्जिंगच्या दिव्यातून असते. दोन वॅटच्या साध्या बल्बातून ती साधारण पावणेदोनशे मिलिअँपिअर येते. माझ्या एलईडीतून, मी वाढवलेल्या रोधासह, दहासुद्धा येत नव्हती. मंडल पूर्ण होते हे माझे म्हणणे बरोबर होते. किती वीज जाते, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. पहिल्या चाचणीत एखाद्या मुलाने राशीचे परिमाण सोडले तर मी त्याचा अर्धा गुण कापत असे.

म्हणजे तिसऱ्या प्रकारचाही दिवा असतो. जो दाखवतो आणि त्याच वेळी कामही करतो. चाचांनी तो मला एका क्रियापदात सांगितला होता आणि ते क्रियापद इतके अचूक होते की दौंडच्या फलाटावर, सगळे गणित समोर असताना, मला त्याहून चांगले सुचले नाही.

यानंतर मी जे केले ते क्रमाने लिहितो, कारण क्रमाने लिहिल्याशिवाय ते मला स्वतःलाही खरे वाटत नाही.

शिरूरला परत आल्यावर मी साधा बल्ब विकत आणला. चाचांच्या दुकानातून नव्हे, बाजारपेठेतल्या दुसऱ्या दुकानातून. गाडी घरामागे लावून तो बसवला. जीप पुन्हा बिघडली नाही. चार्जर माळ्यावर ठेवला. पत्नीने विचारले तेव्हा म्हणालो, "सापडला दोष." कोणाचा, ते तिने विचारले नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी वाहन समितीची पुन्हा बैठक झाली. इथे आपण सांगून टाकायचे, असे मी ठरवून गेलो होतो. वाक्यही लिहून नेले होते. ते मी वाचले: "आल्टरनेटरच्या क्षेत्रवेटोळ्याच्या प्रारंभिक उत्तेजनासाठी लागणारी धारा ही निर्देशक दिव्याच्या मार्गाने जात असल्याची बाब माझ्या पूर्वीच्या निवेदनात विचारात घेतली गेली नव्हती." अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. ते म्हणाले, "बरं. म्हणजे गाडीतच काहीतरी होतं. चला, पुढचा विषय."

त्या वाक्यात कर्ता नाही. बाब विचारात घेतली गेली नव्हती. कोणी घेतली नव्हती? वाक्यात कर्ता शोधायला मी पाचवीपासून शिकलो आणि ज्या दिवशी तो मी स्वतः होतो त्या दिवशी त्याला वगळण्याइतकी भाषा मला येत होती. बैठकीतून बाहेर पडताना मला हलके वाटले. त्या हलकेपणाची आजही सर्वांत जास्त लाज वाटते.

संक्रांतीला मी टपरीवर चहा घेत होतो. चाचाही होते. मी त्यांना तिळगूळ दिला, त्यांनी घेतला, खिशातून रुमाल काढून त्यात बांधून ठेवला. नातीसाठी, म्हणाले. तेवढ्यात बसचे तेच ड्रायव्हर आले आणि सवयीने म्हणाले, "काय चाचा, आज किती बलब उठवले?" चाचांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. वर्गात एखादा मुलगा, उत्तर माहीत असलेल्या दुसऱ्या मुलाकडे पाहतो तसे पाहिले. मी घड्याळ पाहिले, चहा अर्धा ठेवला आणि शाळेत गेलो. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी केंदूरची एक पिकअप चाचांच्या दारात येऊन थांबली. मागे कांद्याची पोती होती. गाडीचा मालक स्वतः चालवत होता, या बाजूला नवीन असावा. मी टपरीच्या बाकावर होतो. बसचे ड्रायव्हरही होते. मालकाची तक्रार तीच होती, बॅटरी भरत नाही. चाचांनी चावी फिरवायला सांगितली आणि खिडकीतून आत वाकून पाहिले.

"चार्जिंगचा बलब लागत न्हाई," ते म्हणाले. "उडालाय. त्यो बदलू, काम हुईल."

"बलबचा आन् बॅटरीचा काय संबंद?" मालक म्हणाला.

ड्रायव्हर बाकावरून म्हणाले, "संबंद हाय. बलब डायनामोला उठवतो. आमच्या शाळेच्या सरांनाच इचारा."

बाकावर हशा झाला. मालकाने एकदा हसणाऱ्यांकडे आणि एकदा चाचांकडे पाहिले. त्याच्या मागे कांदा होता आणि त्याला वेळेत बाजार गाठायचा होता. "ऱ्हाऊ द्या चाचा," तो म्हणाला, "फुडं दाखवतो कुठंतरी." त्याने दार लावून घेतले. हातातला स्क्रू-ड्रायव्हर चाचांनी खिशात ठेवला.

मी उठून पिकअपच्या खिडकीशी गेलो. इतक्या दिवसांत तयार केलेले एकही वाक्य मला आठवले नाही, ते बरे झाले.

"थांबा," मी म्हणालो. "ते सांगतात ते बरोबर आहे. बल्ब नसेल तर आल्टरनेटर उठत नाही. माझ्या गाडीत हेच झाले होते. यांनी मला तेव्हाच सांगितले आणि मी यांना अडाणी ठरवले. मी चुकलो होतो. हे बरोबर होते."

हसणे थांबले. ड्रायव्हर म्हणाले, "चेष्टा करता काय सर?"

"नाही. इथे यांना हसलात ते माझ्यामुळे. शाळेचे काम यांच्याकडून गेले तेही माझ्यामुळे. मी समितीत यांच्याविरुद्ध बोललो होतो."

मालकाने चावी काढली. चाचांनी आतून एक बल्ब आणला, फडक्याने पुसला, डॅशबोर्डखाली हात घालून खोबणीत बसवला. चावी फिरवल्यावर लाल दिवा लागला. इंजिन सुरू झाले, जरा जड झाले आणि दिवा विझला. मालकाने इंजिनाचा आवाज ऐकला आणि मान हलवली. पिकअप निघून गेली.

मला वाटले, झाले. आता चाचा काही तरी बोलतील आणि आम्ही दोघे चहा घेऊ. मी बाकावर त्यांच्यासाठी जागा केली. ते उभेच राहिले.

"सर," ते म्हणाले, "कवा कळलं तुमाला?"

मला 'काल' म्हणता आले असते. 'परवा' म्हणता आले असते. ती दोन्ही उत्तरे तोंडापर्यंत आली, हेही इथे लिहिले पाहिजे.

"दिवाळीत," मी म्हणालो. "दौंडला."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष असे नव्हे, त्यांच्या पद्धतीने, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. "मला वाटलं आत्ता कळलं आसंल," ते म्हणाले. "म्हंजी संक्रांतीला तुमाला ठावं व्हतं."

"होय."

"हितंच बसला व्हता तुमी."

"होय."

ते दुकानात गेले. बाकावरच्या कोणी माझ्याकडे पाहिले नाही. ड्रायव्हरने माझ्या चहाचा कप उचलून टपरीवाल्याकडे दिला, तो रिकामा नव्हता.

त्या आठवड्यात मी संस्थेला पत्र लिहिले. चार ओळींचे, प्रत्येक वाक्याला कर्ता असलेले, आणि प्रत्येक वाक्यात तो मीच. पत्राची पोच मिळाली. जूनमध्ये बसगाड्यांचे काम पुन्हा चाचांकडे गेले. ते माझ्या पत्रामुळे गेले असे मानायला मला आवडले असते. प्रत्यक्षात दुसऱ्या गॅरेजने त्या हिवाळ्यात दोनदा बस रस्त्यात उभी राहू दिली होती आणि पालकांनी तक्रार केली होती.

मी जीप चाचांकडेच नेत राहिलो. त्यांनी कधी नाही म्हटले नाही. काम पूर्वीइतकेच चोख होत होते. फक्त ते आता बोलत नसत. मी विचारले, "काय झाले होते?" की म्हणत, "झालं सर, चालू हाय." मी मुद्दाम चुकीचे काही बोलून पाहिले. एकदा रिलेला फ्यूज म्हणालो, एकदा धन टोकाला ऋण. ते मान हलवत आणि म्हणत, "व्हय सर, तुमी म्हनता तसं." शेजारी कोणी ट्रकवाला उभा असला की त्याला मात्र ते स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवत सगळे समजावून सांगत. मी दोन पावलांवर उभा राहून ते ऐकत असे आणि त्यात कुठे माझे नाव निघेल म्हणून थांबत असे. ते निघत नसे. मग मी चावी घेऊन निघत असे.